नाक सोडा आणि नंबर सांगा

बसस्टँडवरचे ड्रायव्हर-कंडक्टर त्यांना तोंडावर ताई म्हणत आणि पाठ वळली की भोंगाताई. ताईंना दोन्ही नावं माहीत होती आणि दुसऱ्याचा मनातून थोडा अभिमानही होता. काचेच्या खोलीत बसायचं, माइकचं बटण दाबायचं आणि कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगायचं, हे त्यांचं काम. आवाज असा, की इंजिनांची घरघर, हमालांचा आरडाओरडा, पोरांची रडारड, सगळ्यातून सुई कापडातून निघावी तसा आरपार निघायचा. बाकावर झोपलेला माणूस दचकून उठायचा आणि धावत जाऊन गाडीत बसायचा. कधी भलत्याच गाडीत बसायचा, पण ती चूक त्याची.

एक मात्र होतं. इतक्या वर्षांत भोंग्याला उलट उत्तर कोणी दिलं नव्हतं. घरी आई, तिला कमी ऐकू यायचं. ताई बोलायच्या आणि आई मान डोलवायची, बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी. म्हणजे ताईंचं बोलणं एकमार्गी रस्त्यासारखं होतं. जायचं सगळं, यायचं काही नाही. आणि त्यांना ते पसंत होतं.

अशा या ताईंच्या काचेशी एके दिवशी लिफ्टमास्तर येऊन उभे राहिले. लिफ्टमास्तर म्हणजे शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ. अडकलेल्यांना बाहेर काढणं हा त्यांचा धंदा आणि हौशी रेडिओ हा नाद. त्यांनी गाडीची चौकशी केली नाही, तक्रारही केली नाही. तेवढं एकदा 'फाइव्ह नाइन' म्हणून दाखवता का, असं अदबीनं विचारलं. ताईंना वाटलं, याचा एखादा स्क्रू ढिला दिसतोय. पण माणूस सभ्य होता, म्हणून त्यांनी म्हटलं. लिफ्टमास्तरांनी डोळे मिटून ते ऐकलं, एखाद्या गवयाची तान ऐकावी तसं, आणि म्हणाले, "दोन गाड्या चुकवल्या तुमच्यापायी. पण सार्थक झालं."

मग त्यांनी सगळं समजावलं. त्यांची तिघांची टोळी होती. स्वतः ते, दातांचे निवृत्त डॉक्टर आणि डॉक्टरांच्या पत्नी, माई. तिघं वर्षानुवर्षं रेडिओच्या स्पर्धांमध्ये उतरत. स्पर्धा म्हणजे ठरलेल्या वेळात जगभरच्या जास्तीत जास्त केंद्रांशी बोलायचं. बोलायचं म्हणजे तरी काय, आपली कॉलसाइन, म्हणजे केंद्राचं अक्षरं-आकड्यांचं नाव, द्यायची, त्याची घ्यायची, 'फाइव्ह नाइन' म्हणायचं, आपला नंबर सांगायचा, त्याचा टिपायचा, की पुढचा. नवा देश सापडला की गुणांना गुणाकार. आणि दरवर्षी नदीपलीकडचा क्लब त्यांच्या नाकावर टिच्चून पहिला यायचा. आता तिघांचेही आवाज जुने झाले होते, गर्दीत बुडत होते. धारदार आवाज हवा होता. तो स्टँडवर फुकट चालला होता.

ताई नाही म्हणाल्या. मग घरी जाऊन आईला सांगितलं, आईनं मान डोलवली, आणि ताईंनी तोच होकार धरला.

परवान्याची परीक्षा त्या पहिल्या फटक्यात पास झाल्या. पाठांतर होतं, त्यात कोणी उलट बोलत नव्हतं. खरा घोळ झाला तो डॉक्टरांच्या घरी, प्रत्यक्ष खुर्चीत बसल्यावर.

रेडिओची खोली म्हणजे डॉक्टरांचा जुना दवाखाना. दवाखाना बंद झाला, पण सामान काही डॉक्टरांच्यानं टाकवेना. त्यामुळे रेडिओ चालवणाऱ्यानं बसायचं ते दात काढायच्या खुर्चीत. वर जिथे दिवा होता त्या दांडीला माइक लटकवलेला. चूळ भरायच्या भांड्यात पेन्सिली. ड्रिलचं पायाचं पेडल होतं, ते लिफ्टमास्तरांनी रेडिओला जोडून दिलं होतं. पाय दाबला की आपण जगाशी बोलतो, पाय उचलला की जग आपल्याशी. ताई त्या खुर्चीत टेकल्या आणि डॉक्टरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "घाबरू नका, दुखणार नाही."

दुखलं नाही, पण बाकी सगळं झालं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, की समोरचा कितीही अंधुक येत असला तरी त्याला 'फाइव्ह नाइन', म्हणजे झकास ऐकू येतंय, असंच सांगायचं. ताईंनी विचारलं, आणि काहीच कळलं नाही तर? तरी झकासच सांगायचं, डॉक्टर म्हणाले, आणि मग विचारायचं, काय म्हणालात, पुन्हा सांगा. स्टँडवर असं केलं असतं तर लोकांनी काच फोडली असती, असं ताईंच्या मनात आलं. तरी त्यांनी पाय दाबला, आपली कॉलसाइन खणखणीत सांगितली आणि पाय उचलला.

आणि हेडफोनमध्ये दहा-बारा माणसं एकदम बोलली.

ताईंनी हेडफोन काढला, शेजारच्या औजारांच्या ट्रेमध्ये अलगद ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा भोंगा उलटून बोलला होता, तोही डझनभर तोंडांनी. माईंनी पाणी आणून दिलं. ते पिऊन ताईंनी पुन्हा प्रयत्न केला, पण उत्तर आलं की त्यांची जीभ टाळूला चिकटायची. त्या दिवशी त्यांनी एकूण एका माणसाचा नंबर घेतला. तोही इतका वेळ लावून, की तो बिचारा शेवटी 'तब्येतीला जपा' म्हणून निघून गेला.

त्या गेल्यावर तिघांची बैठक बसली. माई भूगोलाच्या शिक्षिका होत्या. जन्मभर त्यांनी मुलांकडून नकाशे पाठ करून घेतले होते आणि भीड कशी चेपायची ते त्यांना ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, पोहायला शिकवताना कोणी एकदम समुद्रात ढकलत नाही, आधी हौद लागतो. हौद कुठून आणायचा, हे लिफ्टमास्तरांनी सांगितलं. लिफ्टमध्ये अडकलेल्यानं वॉचमनशी बोलायचे जुने संच त्यांच्याकडे पोतंभर पडले होते.

पुढच्या रविवारी ताई आल्या तेव्हा सगळं जिथल्या तिथे दिसत होतं. फरक एवढाच, की त्यांच्या माइकची आणि हेडफोनची वायर आता रेडिओत जात नव्हती. ती खुर्चीमागून, भिंतीच्या कडेनं, शेजारच्या एक्स-रेच्या खोलीत गेली होती. डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, की आज हवा स्वच्छ आहे, दूरदूरची केंद्रं येतील. आम्ही डोक्यावर उभे राहिलो तर तुम्हाला अवघडल्यासारखं होईल, म्हणून आम्ही आतल्या खोलीत बसतो. एक्स-रेच्या खोलीचं दार लागलं. आणि आत तीन म्हातारी माणसं मिळून सगळं जग झाली.

लिफ्टमास्तरांनी बंद पडलेल्या टीव्हीची खरखर टेप करून आणली होती, ती मागे लावली. डॉक्टर नाक चिमटीत धरून बोलायचे, कधी लाळ ओढायच्या नळीतून. माई स्टीलच्या डब्यात तोंड घालून बोलायच्या. कुठल्या देशाचा माणूस इंग्रजीचे कोणते तुकडे पाडतो हे त्यांना पक्कं माहीत होतं, त्यामुळे एकट्या माईच निम्मी पृथ्वी सांभाळायच्या. आधी एकेक जण हाक मारायचा, मग दोघं, मग तिघं एकदम. ताईंची जीभ हळूहळू सुटली. पहिल्या रविवारी त्या अडखळल्या, दुसऱ्या रविवारी सावरल्या. संध्याकाळी डॉक्टर त्यांचं कौतुक करायचे, की बर्फाळ प्रदेशातली माणसंसुद्धा आज तुमच्यावर खूश होती.

हे असंच चाललं असतं. पण तिसऱ्या रविवारी मध्येच, वाऱ्यावादळासारख्या खरखरीतून, हजारो मैलांवरच्या एका बेटाचा आवाज आला. त्यानं आपली कॉलसाइन अर्धी सांगितली. मग खरखरीतूनच शुद्ध मराठीत कुजबूज ऐकू आली:

"अहो, ते बेट माझं आहे. तुम्ही वाळवंट घ्या."

"वाळवंट मघाशीच झालं."

"मग दुसरं वाळवंट घ्या. जगात काय एकच आहे?"

ताईंचा पाय पेडलवर तसाच राहिला. त्यांनी मान वळवून बंद दाराकडे पाहिलं. मग वायरकडे पाहिलं, ती जिथे जात होती तिथपर्यंत. आधी त्यांना राग आला. मग तीन रविवार आपण कोणाकोणाला 'तुमच्याकडे हवा कशी आहे' असं मनातल्या मनात विचारत होतो ते आठवलं, आणि त्यांना हसू फुटलं. ते त्यांनी पदरात दाबलं. उठून दार उघडलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण स्टँडवर इतकी वर्षं काढलेल्या बाईला समोरच्याला रांगेत उभं करण्याची मजा कळते. ताईंनी घसा साफ केला आणि त्या बेटाला अत्यंत गोड आवाजात सांगितलं, की झकास ऐकू येतंय, पण काही कळलं नाही, पुन्हा सांगा.

बेटानं पुन्हा सांगितलं. ताईंनी पुन्हा विचारलं. मग एकेक अक्षर सुटं करून मागितलं, मग उलट्या क्रमानं खात्री करून घेतली. वाळवंटाला त्यांनी ताटकळत ठेवलं. मग त्याला सांगितलं, की तुमच्यामागे फार आवाज येतोय, जरा मोठ्यांदा बोला. नळीतून मोठ्यांदा बोलणं हे निवृत्त माणसाचं काम नव्हे. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा तिघंही घामानं निथळत होती आणि डॉक्टरांचा आवाज फाटक्या पिपाणीसारखा झाला होता. ताईंनी काळजीनं विचारलं, की घरात घशाची साथ आलीय का? माई म्हणाल्या, हवा बदलली आहे ना, म्हणून.

पुढचे दोन रविवार ताईंनी जगाला असं काही दमवलं की विचारू नका. आणि गंमत म्हणजे या सगळ्यात त्या तयार झाल्या. कोण कधी बोलणार, कोणाला थांबवायचं, तिघांच्या गोंधळातून एकाची अक्षरं कशी उचलायची, हे सगळं त्यांच्या अंगात मुरलं. भीती तर पार पळाली. माईंच्या डब्याला कोण भिणार?

खऱ्या स्पर्धेचा रविवार उजाडला. स्पर्धा आदल्या दिवशीच सुरू झाली होती. डॉक्टर आणि लिफ्टमास्तरांनी आळीपाळीनं किल्ला लढवला होता आणि दुपारची पाळी ताईंची होती. वायर पुन्हा रेडिओत गेली होती. डॉक्टर बसक्या आवाजात म्हणाले, "ताई, आजची स्पर्धा खरी आहे बरं का."

लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराचं जे झालं तेच डॉक्टरांचं झालं. त्यांनी प्रत्येक रविवारी हेच सांगितलं होतं, की केंद्रं खरी आहेत. ताईंनी 'हो का' म्हणत त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की डॉक्टरांना ते धैर्य वाटलं. आणि त्यावर कडी म्हणजे तिघंही एक्स-रेच्या खोलीत जाऊन बसली. तिथे आज दुसरा रेडिओ होता, नवे देश हुडकायला, आणि ताईंचं बोलणंही तिथे ऐकू येत होतं. पण ताईंना काय दिसलं, तर ती तिघं, ती खोली आणि ते दार. त्या मनाशी म्हणाल्या, करा मजा. आणि पाय दाबला.

आत पहिली काही मिनिटं आनंदात गेली. ताईंचा आवाज तलवारीसारखा चालला होता. मोठमोठी केंद्रं मुकाट्यानं नंबर देऊन बाजूला होत होती. लिफ्टमास्तर मान डोलवत होते. तेवढ्यात उत्तरेकडच्या एका जाड्या आवाजाच्या माणसानं आपला नंबर दिला आणि ताई त्याला मराठीत म्हणाल्या, की आजचा आवाज छान जमलाय, मागच्या रविवारपेक्षा पुष्कळ बरा, डब्यात बोलताय की बादलीत?

आतल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

तो माणूस बिचारा 'थँक यू' म्हणून गेला. पुढच्याला ताईंनी सांगितलं, की तुमचा देश मागच्या रविवारी दुसऱ्याच कोणाकडे होता. त्याच्या पुढच्याला म्हणाल्या, "खोटारडे कुठले." सगळं हसत, प्रेमानं, आणि तितक्याच झपाट्यानं. नंबर एकाचाही चुकत नव्हता.

आधी माईंच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या हळूच म्हणाल्या, "तिला कळलंय. आणि तिला वाटतंय, अजून आपणच बोलतोय." डॉक्टर ताडकन उठले. जगासमोर आपल्या कॉलसाइनची अब्रू चालली होती. पण माईंनी दाराला पाठ लावली आणि ताईंच्या नोंदी दाखवणाऱ्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. इतक्या भराभर नोंदी त्या खोलीतल्या कोणाच्याही हातून कधी पडल्या नव्हत्या. आत्ता तिला सांगितलं तर ती पहिल्या दिवसासारखी हेडफोन ट्रेमध्ये ठेवील. डॉक्टर खाली बसले. आता खोकायचीसुद्धा सोय नव्हती. ताईंनी तिघांना बाहेर पाहिलं की मायाजाल फुटणार. एक्स-रेच्या खोलीला दार एकच, आणि ते दवाखान्यात उघडत होतं. जन्मभर लोकांना लिफ्टमधून सोडवणारे लिफ्टमास्तर स्वतः अडकून बसले.

आणि मग तो आवाज आला. नदीपलीकडच्या क्लबाचे प्रमुख, निवृत्त हेडमास्तर, सगळे त्यांना हेडसर म्हणत. स्पर्धेत शेजाऱ्याचाही एक गुण मिळतो, तो घ्यायला त्यांनी हाक मारली होती. हेडसरांचा आवाज जन्मतःच नाकातून यायचा, अगदी सनईसारखा, आणि याच हेडसरांच्या हाताखाली माईंनी आपली सगळी नोकरी काढली होती. शाळेतल्या एकाही माणसानं त्या आवाजाबद्दल कधी 'ब्र' काढला नव्हता. प्रार्थनेला हसणाऱ्या मुलांना त्यांनी उन्हात उभं केलं होतं.

ताईंना वाटलं, डॉक्टर पुन्हा चिमटीत धरून बोलताहेत. त्या म्हणाल्या, "नाक सोडा आणि नंबर सांगा."

आतल्या खोलीत डॉक्टरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लिफ्टमास्तरांनी डोळे मिटले. माईंचे खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते कशाचं, हे विचारायची गरज नव्हती. मग हेडसर सावकाश म्हणाले, की सोडलेलंच आहे. आणि त्यांनी नंबर सांगितला. ताईंनी तो टिपला, 'शहाणे आहात' म्हटलं आणि पुढच्याला बोलावलं.

एवढ्यावर भागलं असतं, पण डॉक्टर सकाळपासून घशासाठी मिठाचं कोमट पाणी पीत होते. तांबेच्या तांबे. निसर्गापुढे कोणाचं चालतं? त्यांनी बराच वेळ तग धरला, मग माईंना हातांनी खुणा केल्या, मग खुणाही करवेनात. शेवटी दार उघडलं आणि डॉक्टर चपला हातात घेऊन, चवड्यांवर, खुर्चीमागून निघाले.

ताईंनी त्यांना आरशात पाहिलं. तोंड बघायचा तो जुना आरसा खुर्चीसमोरच होता. त्या मनात म्हणाल्या, चला, एक गडी बाद, आता जगाची वस्ती दोनतृतीयांश झाली. पण हेडफोनमध्ये काही फरक पडला नाही. उलट दाटी वाढली. डॉक्टर पडतात की काय म्हणून माई त्यांच्यामागे धावल्या. ताईंनी दोघांना पाहिलं. माईंना धरायला लिफ्टमास्तर आले. ताईंनी तिघांना पाहिलं. आणि कानांत वीस माणसं हाका मारत होती, बायका, पुरुष, जाडे, बारीक, कोणी बर्फातून, कोणी बोटीवरून.

ताईंनी पाय उचललेलाच ठेवला. "आत कोण आहे?"

"कोणी नाही," माई म्हणाल्या.

"मग हे कोण बोलतंय?"

लिफ्टमास्तर दाराची कडी तपासायला लागले. डॉक्टरांना थांबणं शक्यच नव्हतं, ते पुढे गेले. माईच म्हणाल्या, "जग."

"कधीपासून?"

"तुम्ही बसल्यापासून."

ताईंना दुपारभर आपण कोणाला काय काय म्हणालो ते एकेक आठवायला लागलं. बादली. खोटारडे. मग एकदम त्यांनी विचारलं, "आणि ते नाकातले?"

"ते हेडसर. त्यांचं नाक तसंच आहे," माई म्हणाल्या. आणि थोडं थांबून म्हणाल्या, "माझी सगळी नोकरी हे वाक्य तोंडात धरून गेली. तुम्ही ते म्हणून टाकलंत."

ताईंची जीभ पुन्हा टाळूला चिकटायच्या बेतात होती. हेडफोन काढायला हात वरही गेला होता. पण कानात एक बारीक आवाज पुन:पुन्हा तीच चार अक्षरं म्हणत होता, थकून, तरी न सोडता. ताईंना तो ओळखीचा वाटला. चौकशीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या प्रवाशाचा आवाज असाच असतो. गाडी सुटायला आलेली असते आणि आतली माणसं आपापसांत बोलत असतात. ताई तशा माणसाला कधी तिष्ठत ठेवत नसत. त्यांनी पाय दाबला. आवाज जरा कापला, पण त्याची अक्षरं बरोबर आली. मग दुसऱ्याची आली. तिसऱ्याला आवाज कापला नाही.

भीती गेली, तशी रागाला जागा झाली. पाय उचलला की तिघांचा उद्धार, पाय दाबला की जगाशी गोडीगुलाबी, असं सुरू झालं. सुटून आलेले डॉक्टरही रांगेत उभे होते. एकदा पायाचा हिशेब चुकला आणि 'लाज नाही वाटत, या वयात?' हे सगळं एका अतिशय सभ्य दूरच्या माणसाच्या वाट्याला गेलं. त्यानं 'फाइव्ह नाइन' म्हणून आभार मानले.

ताईंची पाळी संपली तेव्हा डॉक्टरांनी बसायचं होतं. ते बसले, पाय दाबला आणि तोंडातून नुसती हवा निघाली. इतक्या रविवारांचं पुन:पुन्हा सांगणं आता घशाशी आलं होतं. माईंचा आवाजही घरात बोलण्यापुरताच उरला होता. लिफ्टमास्तर दुसऱ्या रेडिओवर गुंतलेले. तिघांनी मुकाट्यानं ताईंकडे पाहिलं, आणि ताईंना कळलं की आपणच खणलेल्या खड्ड्यात आपणच बसलोय. त्या परत खुर्चीत चढल्या आणि स्पर्धा संपेपर्यंत उतरल्या नाहीत. मध्ये माईंनी चहा करून आणला. घोट घ्यायलाही कोणी उसंत दिली नाही आणि ताईंनी मागितलीही नाही. त्यांना ते आवडायला लागलं होतं. माणूस बोलतो, आपण बोलतो, तो जातो, दुसरा येतो. कोणी भलत्या गाडीत बसत नाही.

निकाल पुष्कळ दिवसांनी लागला. नदीपलीकडचा क्लब पहिला आला, नेहमीसारखा. पण नेहमी मधलं अंतर मैलभर असायचं, ते या वेळी दाराच्या फटीएवढं होतं. ताईंच्या काही नोंदी तपासणीत उडाल्या, त्यांतल्या दोन त्यांच्या थट्टेपायी. एका माणसानं त्यांच्या कॉलसाइनच्या जागी चक्क 'बादली' लिहून घेतलं होतं, स्पेलिंगसकट.

त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या दाराची बेल वाजली आणि बाहेर हेडसर उभे. माईंनी सवयीनं पदर सावरला आणि उभ्या राहिल्या. हेडसरांना रेडिओची खोली बघायची होती, आणि त्या दिवशी दुपारी बोलणाऱ्या बाई कोण तेही. ताई योगायोगानं तिथेच होत्या. पळून जायला वाट एक्स-रेच्या खोलीची, आणि तिथून पुढे वाटच नाही, हे त्यांना आता ठाऊक होतं. म्हणून त्या नमस्कार करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की चूक झाली, मला वाटलं आमचे डॉक्टर आहेत.

हेडसर दाताच्या खुर्चीत बसले. म्हणाले, की आयुष्यात तोंडावर असं बोलणाऱ्या तुम्ही पहिल्या. घरी गेल्यावर बायकोला सांगितलं, तर ती इतकी हसली, की त्यांना कळलं, तिलाही हे लग्नापासून म्हणायचं होतं. मग त्यांनी चहा घेतला, दोन्ही खोल्या नीट पाहिल्या, आणि उठता उठता सरळ मुद्द्यावर आले. पुढच्या स्पर्धेला ताईंनी त्यांच्या क्लबाकडून बसावं. अँटेना उंच आहे, खुर्ची साधी आहे, आणि एक्स-रेची खोली नाही.

डॉक्टरांचा घसा त्या क्षणी पुन्हा बसला. लिफ्टमास्तर वायर गुंडाळायला लागले, जिथे वायर नव्हती तिथे. माईंनी हेडसरांकडे असं पाहिलं, की शाळेत पाहिलं असतं तर नोकरी गेली असती.

ताई म्हणाल्या, "विचार करून सांगते."

खरं तर विचार झालाही होता. हेडसरांचा क्लब नदीपलीकडे, मध्ये दोन गाड्या बदलायच्या. आठवडाभर गाड्यांची नावं घेणाऱ्या बाईला रविवारीही गाडीत कोण बसवणार? शिवाय हेडसरांच्या इथे डब्यात तोंड घालून निम्मी पृथ्वी होणारं कोणी नव्हतं. पण हे सगळं लगेच सांगायची काही घाई नव्हती. त्या दिवशी माईंनी ताईंना फाटकापर्यंत सोडलं, पिशवी स्वतः उचलून. दुसऱ्या दिवशी लिफ्टमास्तर स्टँडवर येऊन काचेच्या खोलीचा कुरकुरणारा पंखा आपणहून दुरुस्त करून गेले. त्यानंतर डॉक्टर आले. त्यांनी ताईंच्या आईचे दात घरी येऊन तपासले, कवळी घासून नीट बसवून दिली, आणि जाताना आईलाच विचारलं, की ताईंचं काय ठरलंय?

आईला काही ऐकू आलं नाही. तिनं नव्या बसलेल्या कवळीनं हसून मान डोलवली. ती होकाराची की नकाराची, हे डॉक्टरांना कळेना. आतल्या खोलीत ताई आरामात कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या, आणि त्यांनीही काही सांगितलं नाही.